छायाचित्रण : वाचकांचे प्रश्न – घरच्या प्रिंटरवर कृष्णधवल छपाई

प्रश्न : माझ्याकडे शाईच्या टाक्या असलेला चार रंगांचा इंकजेट प्रिंटर आहे. त्यावर रंगीत फोटो समाधानकारक येतात. परंतु ग्लॉसी कागदावर कृष्णधवल फोटो छापला की तो ट्यूबलाइटखाली हिरवट दिसतो आणि गॅलरीत उन्हात नेला की जांभळट. मूळ छायाचित्रात रंग मुळीच नाही, मग हा रंग येतो कुठून? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपल्या छायाचित्रात रंग नसला तरी ते ज्या शाईने छापले जाते तिच्यात तो आहे, आणि घरगुती प्रिंटरवर कृष्णधवल छपाई करताना येणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ इथेच आहे. चार रंगांच्या प्रिंटरमध्ये करडी शाई नसते. फिकट करडी छटा उमटवायची असेल तर प्रिंटरला एक तर काळ्या शाईचे सूक्ष्म ठिपके विरळ टाकावे लागतात, किंवा सायन (आकाशी), मॅजेंटा (किरमिजी) आणि पिवळी या तीन शाई अशा प्रमाणात मिसळाव्या लागतात की डोळ्याला त्यांचा एकत्रित परिणाम करडा वाटावा. रंगीत फोटोत आकाश किंचित अधिक निळे झाले तर ते कोणाच्या लक्षात येत नाही, पण करड्या छटेत तेवढाच फरक पडला की तो लगेच खुपतो.

त्यातच अनेक घरगुती प्रिंटरांमध्ये काळी शाई पिगमेंट प्रकारची आणि बाकीच्या तीन डाय प्रकारच्या असतात. पिगमेंट म्हणजे द्रवात तरंगणारे रंगाचे बारीक कण आणि डाय म्हणजे द्रवात पूर्ण विरघळलेला रंग. ही पिगमेंट काळी शाई साध्या कागदावरच्या मजकुरासाठी उत्तम असते, परंतु ग्लॉसी कागदाच्या लेपावर ती नीट बसत नाही. म्हणून कागदाच्या पर्यायांत ‘फोटो पेपर’ निवडताच असे प्रिंटर ती बाजूला ठेवतात आणि गडद काळासुद्धा तीन रंगांच्या मिश्रणातून तयार करतात. आपल्या प्रिंटरची काळी शाई कोणत्या प्रकारची आहे हे माहितीपुस्तिकेत दिलेले असते; ते अवश्य पाहावे. तीन रंगांतून बनलेला करडा प्रत्येक प्रकाशात वेगळा दिसतो, कारण प्रत्येक शाई प्रकाशातल्या वेगवेगळ्या लहरी परावर्तित करते आणि ट्यूबलाइट, एलईडी व ऊन यांतील लहरींचे प्रमाण सारखे नसते. आपल्याला दिसलेला हिरवट-जांभळट पालट हा त्याचाच परिणाम आहे. तो पूर्णपणे घालवणे चार रंगांच्या प्रिंटरवर शक्य नाही, पण पुष्कळ कमी करणे निश्चित शक्य आहे.

सर्वप्रथम नोझल चेकचा, म्हणजे शाई फवारणाऱ्या सूक्ष्म छिद्रांच्या तपासणीचा, नमुना छापून त्यातील एकही रेघ तुटलेली नाही याची खात्री करावी. मॅजेंटाची मोजकी नोझल बंद असली तरी संपूर्ण फोटोवर हिरवी झाक पसरते, आणि मग माणूस संगणकावर तासन्‌तास रंग दुरुस्त करत बसतो. दुसरी गोष्ट कागदाच्या निवडीची. कागदाचा कोणता प्रकार निवडला आहे त्यावरून किती शाई सोडायची आणि कोणत्या प्रमाणात मिसळायची हे प्रिंटर ठरवतो, त्यामुळे ग्लॉसी कागद घालून पर्याय ‘प्लेन पेपर’ ठेवल्यास परिणाम हमखास बिघडतो. मूळ कंपनीऐवजी दुसरी शाई भरली असेल तर प्रिंटरची ही सगळी गणिते तिच्यासाठी केलेली नसतात, हेही लक्षात ठेवावे. आणि रंगांचे नियंत्रण छायाचित्र संपादनाच्या सॉफ्टवेअरकडे द्यायचे की प्रिंटरच्या ड्रायव्हरकडे (प्रिंटर चालवणाऱ्या संगणकातील प्रोग्रामकडे), याचा एकदा निर्णय करून दुसरीकडचे ते बंद करावे. दोघांनीही दुरुस्ती केली तर ती दुप्पट होते.

ड्रायव्हरमधील ‘ग्रेस्केल’ या पर्यायाविषयी अनेकांचा गैरसमज आहे. काही प्रिंटरांत तो निवडल्यावर केवळ काळी शाई वापरली जाते, तर काहींत फोटो पेपरवर तरीही रंगीत शाई मिसळली जाते. केवळ काळ्या शाईने छापलेल्या फोटोत झाक येत नाही, पण गालावरच्या किंवा आकाशातल्या फिकट छटांमध्ये ठिपके नुसत्या डोळ्यांना दिसू लागतात. एकच फोटो दोन्ही पद्धतींनी ४×६ इंचांच्या कागदावर छापून पाहिल्यास आपला प्रिंटर काय करतो ते पाच मिनिटांत कळेल.

एवढे करूनही झाक उरली तर माझा सल्ला असा की, अगदी तटस्थ करड्याचा आग्रह सोडून छायाचित्राला मुद्दाम थोडी उबदार, तपकिरीकडे झुकणारी छटा द्यावी. हिरवट आणि जांभळट यांच्यामध्ये हेलकावे खाणारा करडा अस्वस्थ करतो. ठरवून दिलेली उबदार छटा मात्र प्रकाश बदलला तरी उबदारच वाटते. डार्करूममध्ये सेपिया टोनिंग करणाऱ्या पिढीला हे नवीन नाही.


प्रश्न : माझ्या आजोबांचा काळ्या कोटातला, स्टुडिओत काढलेला ३×४ इंचांचा जुना फोटो मी स्कॅन केला. मॉनिटरवर कोटाची घडी, बटणे, खिशातले पेन असे सगळे दिसते. छापल्यावर मात्र कोटाचा नुसता काळा डाग होतो आणि चेहराही काळवंडतो. मला तो ८×१० इंच आकारात हवा आहे. (एक वाचिका, चिपळूण)

उत्तर : मॉनिटर स्वतः प्रकाश देतो, कागद मात्र खोलीतला प्रकाश केवळ परतवतो. कारखान्यातून येताना मॉनिटरची चमक बहुधा इतकी वाढवलेली असते की सावलीतला बारकावा तिथे उजळून दिसतो आणि आपण फोटो आहे त्याहून उजळ समजून बसतो. छपाईच्या कामासाठी मॉनिटरची चमक ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर असावी असे मानतात. मोजण्याचे उपकरण नसेल तर एक पांढरा कोरा कागद मॉनिटरशेजारी खोलीतल्या नेहमीच्या प्रकाशात धरावा आणि मॉनिटरवरचा पांढरा त्या कागदाइतकाच उजळ वाटेपर्यंत चमक कमी करावी. बहुतेकांना ती निम्म्याहून खाली आणावी लागते.

त्यानंतरचे काम डार्करूमच्या रीतीने करावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मी ज्या स्टुडिओत काम शिकलो तिथे पूर्ण आकाराचा ब्रोमाईड कागद (प्रकाशसंवेदी फोटोपेपर) एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्हची मोठी प्रतिमा पाडणाऱ्या यंत्राखाली, ठेवण्याआधी त्याच कागदाची एक अरुंद पट्टी ठेवत आणि पुठ्ठा सरकवत तिच्यावर पाच, दहा, पंधरा सेकंद असा प्रकाश देत. पट्टी धुऊन झाली की ती उजेडात नेऊन चेहऱ्याला कोणता वेळ योग्य आहे हे ठरवले जाई. इंकजेटवर ही सवय सुटली, कारण बटण दाबणे सोपे आहे. पण वाया जाणाऱ्या कागदाचे आणि शाईचे कारणही तेच आहे. आपल्या फोटोतून चेहऱ्याचा, कोटाचा आणि सर्वांत उजळ भागाचा मिळून एक उभा तुकडा कापून घ्यावा, त्याच्या पाच प्रती क्रमाक्रमाने उजळ करून एकाच ४×६ कागदावर शेजारी शेजारी मांडाव्यात, प्रत्येकीखाली दुरुस्तीचा आकडा लिहावा आणि मग छापावे. शाई वाळेपर्यंत, निदान अर्धा तास, निर्णय करू नये. निवडही मॉनिटरच्या उजेडात न करता, फोटो जिथे टांगायचा आहे त्या भिंतीपाशी उभे राहून करावी.

कोटासाठी आणखी एक पट्टी उपयोगी पडेल. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पाच-पाच टक्क्यांनी गडद होत जाणाऱ्या एकवीस चौकोनांची पट्टी तयार करून आपल्याच कागदावर छापावी. शेवटचे चौकोन एकमेकांत मिसळलेले दिसतील. समजा ९० टक्क्यांपुढचे सगळे सारखेच काळे झाले, तर आपल्या प्रिंटरला व कागदाला ९० टक्क्यांच्या पलीकडचा बारकावा दाखवता येत नाही असा त्याचा अर्थ. मग संपादनाच्या सॉफ्टवेअरमधील कर्व्हच्या (छटा उजळ-गडद करण्याच्या सोयीच्या) साहाय्याने कोटाच्या घड्या त्या मर्यादेच्या अलीकडे आणाव्यात. बटणांमधल्या खोल सावल्या खुशाल काळ्या राहू द्याव्यात, कारण कुठेतरी खरा काळा असल्याशिवाय फोटोला जोर येत नाही. सगळाच कोट उजळ केला तर तो राखाडी दिसेल, आणि ती चूक काळ्या डागापेक्षा वाईट.

आकाराविषयी सांगायचे तर ८×१० इंचांसाठी दर इंचाला ३०० बिंदू या हिशोबाने २४००×३००० बिंदू लागतात, म्हणजे ३×४ इंचांचा मूळ फोटो ८०० डीपीआयवर (दर इंचाला ८०० बिंदू) स्कॅन केला की पुरे. स्कॅन मात्र ग्रेस्केलमध्ये न करता रंगीत आणि शक्य असेल तर १६ बिटमध्ये (छटांच्या अधिक पायऱ्या टिपणाऱ्या पद्धतीने) करावा. रंगीत स्कॅन लाल, हिरवा व निळा अशा तीन चॅनेलांचा, म्हणजे थरांचा, बनलेला असतो. जुन्या फोटोवरचे पिवळे डाग निळ्या चॅनेलमध्ये सर्वांत ठळक आणि लाल चॅनेलमध्ये सर्वांत पुसट असतात, त्यामुळे डाग पडलेला फोटो असेल तर लाल चॅनेलवरून कृष्णधवल प्रत करावी. याउलट फोटो डागाळलेला नसून नुसता पिवळसर होऊन विरला असेल तर निळ्या चॅनेलमध्ये त्याचा उठाव अधिक सापडतो. मूळ निगेटिव्ह घरात कुठे पाकिटात असेल तर ती शोधण्याचे कष्ट जरूर घ्यावेत, कारण कागदावरच्या प्रतीत जे बारकावे हरवले ते तिच्यात अजून असतात.


प्रश्न : ग्लॉसी, मॅट आणि बरायटा यांपैकी कृष्णधवल छायाचित्रासाठी कोणता कागद घ्यावा? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : काळा किती गडद हवा, यावर ते ठरते. छपाईतील काळेपणा घनतेच्या आकड्यात मोजतात. फोटोसाठीच्या खास प्रिंटरमधील पिगमेंट शाईने चांगल्या मॅट कागदावर ही घनता साधारण १.६ ते १.७ पर्यंत जाते आणि ग्लॉसी किंवा बरायटा कागदावर २.२ च्या आसपास किंवा त्याहून वर. मॅट कागदावर काळा मऊ, कोळशासारखा दिसतो. धुके, म्हातारे हात, दगडी भिंती अशा विषयांना तो शोभतो. रात्रीच्या रस्त्याला किंवा काळ्या कातळावरच्या पाण्याला तो अपुरा पडतो. बरायटा कागदाच्या लेपात डार्करूमच्या जाड कागदांप्रमाणेच बेरियम सल्फेट असते, आणि जुन्या ब्रोमाईड प्रतीची आठवण देणारा पृष्ठभाग हवा असेल तर त्याच्याइतका जवळचा कागद मला दुसरा दिसत नाही. कोडॅकने कृष्णधवल फोटोपेपरचे उत्पादन २००५ साली थांबवण्याचे जाहीर केले आणि उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ छापाचा कागदही आता इतिहासजमा झाला, त्यामुळे ज्यांचे हात त्या कागदांवर घडले त्यांना बरायटा हाताळताना होणारा आनंद मी समजू शकतो.

मात्र तो महाग असतो. शिकण्याच्या काळात एकाच कंपनीचा साधा सॅटिन किंवा लस्टर (मंद चकाकीचा) कागद घ्यावा आणि पन्नास-शंभर प्रती होईपर्यंत तो बदलू नये. दर पाकिटाला नवा कागद वापरणाऱ्याला दोष कागदाचा की स्वतःच्या दुरुस्तीचा, हे कधीच कळत नाही. फार शुभ्र दिसणाऱ्या कागदात बहुधा चमक वाढवणारी रसायने असतात आणि त्यांचा प्रभाव काळाने ओसरून कागद पिवळसर होतो. जपून ठेवायच्या फोटोसाठी अशी रसायने नसलेला सुती कागद पाहावा.


प्रश्न : करड्या शाईचा वेगळा, महागडा प्रिंटर घेणे योग्य ठरेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : अशा प्रिंटरमध्ये काळ्याबरोबर एक किंवा दोन फिकट करड्या शाई असतात, त्यामुळे छटा मुख्यतः त्यांतूनच बनतात, फिकट भागात ठिपके दिसत नाहीत आणि प्रकाशाबरोबर होणारा रंगपालट अगदी कमी होतो. एप्सनने २००५ च्या सुमारास तीन पातळ्यांची काळी शाई आणि तिच्यासाठी ड्रायव्हरमध्ये स्वतंत्र कृष्णधवल पद्धत आणली, तेव्हापासून घरच्या टेबलावर डार्करूमच्या तोडीची प्रत निघू शकते हे माझे ठाम मत आहे. परंतु महिन्याला चार-पाच प्रतीच काढणार असाल तर तो घेऊ नये. यंत्र बंद राहिले की नोझल साफ करण्यातच महागडी शाई खर्च होते. चाचणीच्या पट्ट्या घरी काढून प्रदर्शनाच्या मोजक्या प्रती चांगल्या लॅबकडून करून घेणे अधिक शहाणपणाचे आहे. दरमहा वीस-पंचवीस मोठ्या प्रती निघत असतील तरच हा खर्च अंगी लागतो.


प्रश्न : दोन वर्षांपूर्वी छापून भिंतीला लावलेला कृष्णधवल फोटो आता तांबूस झाला आहे, आणि काचेला आतून धुरकट थरही आला आहे. (एक वाचिका, रत्नागिरी)

उत्तर : या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. डाय शाईतील रंग प्रकाशाने आणि हवेतील ओझोनने उडतात आणि तिन्ही रंग एकाच वेगाने उडत नाहीत. सायन आधी विरला की उरलेल्या दोन रंगांमुळे करडा तांबूस होतो. हाच फोटो पुन्हा छापल्यास तो उन्हाच्या झोतात न लावता आतल्या भिंतीवर लावावा आणि काचेमागे बंदिस्त करावा. शक्य झाल्यास प्रत पिगमेंट शाईने काढून घ्यावी, कारण तिचे आयुष्य पुष्कळ अधिक असते.

काचेवरचा थर हा घाईचा परिणाम आहे. शाई हाताला कोरडी लागली तरी तिच्यातील द्रावक हळूहळू बाहेर पडत राहतात आणि लगेच फ्रेम केल्यास ते काचेवर साचतात. प्रतीवर साधा शोषक कागद ठेवून ती किमान एक दिवस आणि कोकणच्या पावसाळ्यात दोन-तीन दिवस मोकळी ठेवावी. फ्रेम करताना काच आणि फोटो यांच्यामध्ये माउंटची (फोटोभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची) जाडी राहील असे फ्रेमवाल्याला सांगावे. दमट हवेत काचेला चिकटलेला फोटो सोडवता येत नाही. न वापरलेला कागदही पाकीट घट्ट बंद करूनच ठेवावा, नाहीतर तो ओल धरतो, वळतो आणि छपाईच्या वेळी त्याच्या कडा शाई सोडणाऱ्या हेडला घासतात.


प्रश्न : उन्हाळ्यात प्रिंटर महिनाभर बंद ठेवला की काळ्या रंगाच्या रेघा तुटक येतात. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : कोरड्या हवेत नोझलच्या तोंडाशी शाई सुकते. दर आठवड्याला सर्व रंग असलेला लहानसा नमुना छापावा आणि प्रिंटर नेहमी त्याच्याच बटणाने बंद करावा, म्हणजे हेड आपल्या झाकणाखाली जाऊन बसते. थेट भिंतीवरचा स्विच बंद केल्यास ते उघडे राहू शकते. रेघा तुटल्याच तर हेड क्लीनिंग एक-दोनदाच करावे आणि तरीही फरक न पडल्यास प्रिंटर रात्रभर तसाच ठेवून सकाळी पुन्हा नोझल चेक काढावा. लागोपाठ क्लीनिंग केल्याने शाई वाया जाते आणि ती शोषून घेणारे पॅडही लवकर भरतात.