म्हापसा ते वेर्णा रोज ये-जा आहे, हायब्रिड गाडी परवडेल का?

तुम्ही विचारलंय की महिन्याला साधारण १५०० किलोमीटर होतात, तर साधी पेट्रोल ऑटोमॅटिक घ्यावी की दोन-अडीच लाख जास्त मोजून हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असलेली. तुमच्या रस्त्यासाठी हायब्रिड घ्या. हाच प्रश्न माझ्या सासऱ्यांनी काणकोणहून फोन करून विचारला होता, तेव्हा मात्र मी त्यांना सरळ नको म्हटलं होतं.

आधी एक गोष्ट तपासा. शोरूममध्ये ज्या गाडीला हायब्रिड म्हणतात ती खरंच हायब्रिड आहे का? मी गाड्या बघत फिरत होतो तेव्हा एका पोराने मला माइल्ड हायब्रिड दाखवून ‘हायब्रिडच की ही, सर’ असं ठणकावून सांगितलं. माइल्डमधली मोटर इंजिनाला थोडा हात देते आणि सिग्नलला बंद झालेलं इंजिन गपकन चालू करते, इतकंच. नुसत्या विजेवर ती गाडी चालत नाही. तुम्हाला हवी ती स्ट्राँग हायब्रिड, थोडं अंतर नुसत्या विजेवरही चालणारी. मारुतीची ग्रँड व्हिटारा, टोयोटाची हायरायडर, होंडाची सिटी ई:एचईव्ही, मोठं कुटुंब असेल तर इनोव्हा हायक्रॉस. यातही ग्रँड व्हिटारा घेताना व्हेरिएंट नीट विचारा, त्याच नावाखाली माइल्डही मिळते.

ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर या जुळ्या बहिणी. त्यातली एक माझ्याकडे तीन वर्षं आहे, रोज फोंडा–पणजी. कागदावर लिटरला २७.९७ किलोमीटर लिहिलंय, मला वर्षाच्या सरासरीने २२ पडतं. गंमत म्हणजे हा आकडा गर्दीत वाढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो. फर्मागुडीहून खाली म्हार्दोळला येताना ब्रेकवर पाय ठेवला की मोटर जनरेटरचं काम करून बॅटरी भरते. पुढे मेरशी सर्कलला गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात तेव्हा तीच वीज कामाला येते. इंजिन बंद, एसी चालू, पेट्रोल शून्य. शेजारच्या गाडीतला माणूस तेवढा वेळ नुसतंच पेट्रोल जाळत बसलेला असतो. पर्वरीत तुमची जी रोजची रखडपट्टी होते, तीच तुमची कमाई समजा! (तिथला उड्डाणपूल सुरळीत वाहू लागला की ही कमाई थोडी घटणार, हेही मनात धरा.)

उलट बेळगावला जाताना केरीहून चोर्ला घाट चढायला लागलं की हिचा जीव कळतो. बॅटरीत मावते जेमतेम पाऊण युनिट वीज, ती अर्ध्या घाटातच संपते आणि मग तीन सिलिंडरचं इंजिन एकटंच ओरडत वर चढतं. उतरतानाही तेच. बॅटरी चटकन भरते आणि उरलेला उतार फुकट जातो. हायवेला शंभरच्या वेगात १८ मिळालं तरी मी खूश असतो.

आता हिशेब. वर्षाला १८,००० किलोमीटर धरा, पेट्रोल ९७ रुपये. साधी ऑटोमॅटिक तुमच्या रस्त्यावर १३ देईल, हायब्रिड २२. म्हणजे वर्षाला सुमारे ५६५ लिटर कमी लागेल, जवळपास ५५ हजार रुपये. अडीच लाखांचा फरक साडेचार वर्षांत फिटतो. सासऱ्यांचं फिरणं वर्षाला जेमतेम ८,००० किलोमीटर, तेही काणकोणच्या मोकळ्या रस्त्यांवर. याच आकड्यांनी त्यांना दहा वर्षं लागली असती. मोकळ्या रस्त्यावर दोन्ही गाड्यांतला फरक कमी होतो, तेव्हा खरं तर त्याहून जास्तच.

देखभालीची भीती लोक उगाच घालतात. टोयोटाच्या या यंत्रणेत क्लच नाही, बेल्टवाला सीव्हीटी गिअरबॉक्स नाही, वेगळा स्टार्टर नाही. जास्तीचा खर्च अजून तरी मला पडलेला नाही. मोठ्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी असते. त्रास देते ती साधी १२ व्होल्टची बॅटरी. गेल्या मे महिन्यात आम्ही तीन आठवडे बाहेर होतो, परत आलो तर ती उतरलेली, गाडी ‘रेडी’च होईना, म्हणजे चालूच होईना. ब्रेक मोटरच निम्मे सांभाळते म्हणून पॅड खूप टिकतात. पण आपल्या खाऱ्या हवेत डिस्क गंजतात, तेव्हा मधूनमधून एखादा ब्रेक जोरात दाबत जा. आणि डिकी लहान आहे, बॅटरीने जागा खाल्लीय. गणेश चवथीला माटोळीचं (गणपतीवर टांगतात त्या फळा-पानांचं) सामान आणि नारळांची पोती एकाच फेरीत आणायचा बेत असेल तर बायकोला आधी सांगून ठेवा. मी सांगितलं नव्हतं.

तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. तुमचं स्वतःचं घर असेल, पोर्चमध्ये प्लग असेल आणि लांबचा प्रवास क्वचितच होत असेल, तर हायब्रिडही सोडा, इलेक्ट्रिकच बघा. तिच्यावर जीएसटी ५ टक्के. या हायब्रिडवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे, मोठ्या पेट्रोल गाडीइतकाच, म्हणजे सरकारने तिला कसलीच सवलत दिलेली नाही. रोजचे ६५ किलोमीटर इलेक्ट्रिकला काहीच नाहीत. मी फ्लॅटमध्ये राहतो. सोसायटीने पार्किंगमध्ये प्लग लावू दिला नाही, नाहीतर मी आज हे उत्तर वेगळं लिहिलं असतं.

टेस्ट ड्राइव्ह मागताना सकाळी अकराची वेळ घेऊ नका. संध्याकाळी साडेपाचला पर्वरीतून न्या, ट्रिप मीटर शून्यावर आणून. मग त्याच दिवशी तीच फेरी साध्या ऑटोमॅटिकने मारा आणि दोन्हींचे आकडे खाली लिहा.