'अटी गृहीत धरल्या' म्हणजे नेमकं काय केलं?

लातूरला परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीनं विचारलं आहे: "संख्याशास्त्राच्या उत्तरात मी 'टी-कसोटीच्या (लहान नमुन्यावरून सरासरीबद्दलचा दावा तपासायची रीत) सर्व अटी गृहीत धरल्या' असं लिहिलं. सरांनी 'अटी'खाली रेघ ओढून गुण कापला. गृहीतक आणि अट एकच ना?"

एकच नाहीत, सरांचं बरोबर आहे. हे वाक्य क्लासच्या नोट्समध्ये इतक्या वेळा दिसतं की आता चीड येते. अट गृहीत धरायची नसते, ती पुरी होते का ते पाहायचं असतं.

समजा, आडतीत उतरलेल्या सोयाबीनची 12 पोती उघडून ओलावा मोजला. सगळ्या मालातला ओलावा प्रसामान्य वितरणानं (बहुतेक आकडे सरासरीजवळ, दोन्ही बाजूंना सारखे कमी होत जाणारे) पसरला आहे आणि एका पोत्याचा आकडा दुसऱ्यावर अवलंबून नाही, ही झाली गृहीतकं. अख्खा माल काही आपण मोजत नाही, म्हणून ती धरूनच चालावं लागतं. पण पोती यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, निवडली का, सगळी एकाच ट्रॅक्टरमधली तर नाहीत ना, 12 आकड्यांत एखादा फार बाजूला पडलाय का, हे डोळ्यांनी दिसतं. त्या अटी. गॉसेट या संख्याशास्त्रज्ञानं 1908 साली 'स्टुडंट' या टोपणनावानं ही कसोटी मांडली तेव्हा समग्र (ज्यातून नमुना काढला तो सगळा संच) प्रसामान्य धरलं होतं. तरी त्यानं 3000 कैद्यांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, ते तुकडे पिसून चार-चारचे 750 नमुने काढले आणि आपलं गणित त्यांच्याशी ताडून पाहिलं.

'गृहीत' म्हणजे घेतलेलं, धरलेलं; त्यावर वेळ घालवत नाही. ('गृहीत पकडून चला' म्हणणाऱ्यांशी वेगळं भांडण आहे.) 'अट'सुद्धा सरळ आहे. अटकणे, अटकाव, अटक यांच्याच ओळीत मी ती बसवतो. पुरी झाली नाही तर पुढचा रस्ता बंद.

खरा आनंद आहे तो 'शर्त' या शब्दात. शब्द अरबी. त्या धातूचा जुना अर्थ चिरा देणे, खाच पाडणे. वाईट रक्त काढायला कातडीवर चिरा देत, ते. त्याच कुळातला 'अश्रात' म्हणजे खुणा, आणि कयामत जवळ आल्याच्या खुणांनाही हाच शब्द. पोलिसांना अरबीत 'शुर्ता' म्हणतात, आणि जुने अरब कोशकार त्याचा संबंध त्यांनी अंगावर बाळगलेल्या खुणेशी जोडतात. म्हणजे शर्त ही मुळात कोरलेली, दिसणारी गोष्ट! मराठीत येऊन तिचं एक घराणंच झालं: करारातली शर्त, बैलांची शर्यत (आपल्याकडे शंकरपट म्हणतात ती) आणि प्रयत्नांची 'शर्थ'. शर्थीनं लढणारा मावळा आणि 'शर्त लाव' म्हणणारा पोरगा एकाच अरबी शब्दाचे वारसदार आहेत.

म्हणून माझं मत असं, आणि ते मी सोडणार नाही: कसोटीपूर्वी नमुन्यात जे तपासायचं, त्याला मराठीत 'शर्त' म्हणावं. जमीन घेणारा आधी सातबारा काढून 'नवी शर्त' (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) असा शेरा आहे का ते बघतो. तो शेरा कागदावर असतो, कुणी तो मनात धरून चालत नाही. विकणारा खरं बोलतोय, हे मात्र गृहीत.

यावर भाषाशुद्धीवाले म्हणतील, परका शब्द शास्त्रात कशाला? मराठवाड्यात 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाचा कारभार उर्दूत चालला. ज्या शब्दानं इथल्या लोकांच्या जमिनी राहिल्या आणि गेल्या, तो त्यांना परका ठरवण्याचा अधिकार कुणाला नाही. वकील मंडळींशीही मतभेद आहे. 'अटी व शर्ती'त दोन वेगळे कायदेशीर अर्थ असल्याचं ते ठासून सांगतात. मला तरी तिथे कागदपत्र, धनदौलत, बाजारहाट यांचीच रीत दिसते: एक शब्द इकडचा, एक तिकडचा, दोन्ही शेजारी ठेवले की कुणालाही समजावं. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2021 मध्ये परवानगी दिली तीही अटी-शर्तींसह. म्हणजे शर्यतीलाच शर्ती लागल्या! तेव्हा या योगायोगाकडे कुणी बोट दाखवलं नाही, याचं मला वाईट वाटलं.

परीक्षेत मात्र 'अट'च लिहा, तपासनीस माझं मत वाचून बसलेला नाही. आणि दोन ठिकाणी जपा. काय-वर्ग कसोटीत (मोजलेले आकडे अपेक्षेशी ताडून पाहणारी कसोटी) किमान 5 ची अट अपेक्षित वारंवारतेला, म्हणजे परिकल्पना खरी असती तर जितके यायला हवे त्या आकड्याला आहे; निरीक्षित, म्हणजे प्रत्यक्ष मोजलेल्या वारंवारतेला नाही. निरीक्षित 3 असेल आणि अपेक्षित 6, तर काही अडत नाही. प्रमाणाच्या कसोटीत नमुना पुरेसा मोठा आहे का हे पाहताना नमुन्याचा आकार गुणायचा तो शून्य परिकल्पनेतल्या (तपासायला घेतलेल्या दाव्यातल्या) प्रमाणानं, नमुन्यात मिळालेल्या प्रमाणानं नव्हे. 40 जणांचा नमुना आणि परिकल्पनेत 0.2, तर गुणाकार 8. तुमच्या पुस्तकात किमान 10 सांगितले असतील तर अट मोडली, 5 सांगितले असतील तर पाळली. कोणता आकडा धरलात तो उत्तरात लिहा. 'अटी गृहीत धरल्या' खोडून तिथे हा गुणाकारच मांडा.