आरोग्य-शंका : मध्यरात्री येणारी जाग

प्रश्न : माझे वय ५१ आहे. गेले काही महिने रोज रात्री तीनच्या सुमारास मला टक्क जाग येते आणि मग पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. सासूबाई म्हणतात, ही ब्रह्ममुहूर्ताची हाक आहे, उठून नामस्मरण कर. शेजारच्या काकूंच्या मते तीनला जाग येणे अशुभ असते आणि पितरांचे काहीतरी करायचे राहून गेलेले असते. त्यातच मोबाइलवर एक संदेश आला की, एक ते तीनमध्ये जाग आली तर यकृत बिघडले आहे आणि तीन ते पाचमध्ये आली तर फुप्फुस. आता तीनचा ठोका पडायच्या आधीपासूनच मनात धाकधूक सुरू होते. यातले खरे काय समजावे?
— एक भगिनी, उत्तरेश्वर पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य शेवटून दुसरे आहे, कारण आज आपली झोप जेवढी जाग येण्याने मोडते आहे, तेवढीच ती या धाकधुकीनेही मोडते आहे. म्हणून आधी घड्याळातल्या तीनचा निकाल लावू.

रात्रीची झोप सलग नसते. साधारण दीड-दीड तासाची चार ते सहा आवर्तने मिळून ती पूर्ण होते आणि एक आवर्तन संपून दुसरे सुरू होताना धडधाकट माणसालाही क्षणभर जाग येते, फक्त सकाळी ती आठवत नाही. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागातच पदरात पडतो, उत्तररात्री उरते ती मुख्यतः हलकी झोप आणि स्वप्ने. साडेदहाला आडवे झालेल्या माणसाची तीनपर्यंत साधारण तीन आवर्तने होऊन गेलेली असतात. पहाटेकडे शरीराचे तापमान सर्वांत खाली जाते आणि उठण्याची तयारी म्हणून कॉर्टिसॉल हे संप्रेरक हळूहळू वाढू लागते. अशा वेळी गल्लीतले कुत्रे भुंकले, पंखा बंद पडला किंवा मनात एखादी काळजी असली, तर झोप मोडायला तेवढेही पुरते. आपली झोपायची वेळ ठरलेली असेल तर जाग येण्याची वेळही बहुधा ठरलेलीच राहणार. शिवाय दीडला किंवा चारला जाग आलेल्या रात्री आपण विसरतो आणि तीनची रात्र मात्र पक्की लक्षात राहते, हाही मनाचा स्वभाव आहे.

यकृत आणि फुप्फुसांचे जे वेळापत्रक आपल्याला आले, ते पारंपरिक चिनी वैद्यकातील कल्पनेवर आधारलेले आहे. जाग किती वाजता आली यावरून यकृताचा आजार ओळखता येतो, याला कोणताही आधार नाही. यकृत बिघडले की डोळे पिवळे होणे, भूक मरणे, पोटात किंवा पायांत पाणी साठणे, अशा खुणा दिसतात आणि रक्ताची तपासणी त्याचा सोक्षमोक्ष लावते.

सासूबाईंचा मान राखून एक हिशेब मांडतो. एक मुहूर्त ४८ मिनिटांचा आणि ब्राह्ममुहूर्त हा रात्रीचा शेवटून दुसरा मुहूर्त, म्हणजे तो सूर्योदयापूर्वी १ तास ३६ मिनिटे सुरू होतो. कोल्हापुरात जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि जानेवारीत सातनंतर, त्यामुळे येथील ब्राह्ममुहूर्त ऋतूनुसार साधारण साडेचार ते साडेपाचच्या दरम्यान सुरू होतो. तीन वाजता तो कधीच लागत नाही. अंबाबाईच्या काकड आरतीला जाणारी जुनी मंडळी दिवेलागणीनंतर लवकर जेवून लवकर झोपत आणि पुरती झोप घेऊन उठत. अकरा वाजेपर्यंत मालिका पाहून तीनला उठणे म्हणजे ती शिस्त नव्हे. पितरांचे कार्य श्रद्धेने अवश्य करावे, पण झोपमोडीचा दोष त्यांच्यावर ठेवू नये.

येथे एक संशोधन सांगण्याजोगे आहे. १९९२ मध्ये थॉमस वेहर या अमेरिकी संशोधकाने निरोगी माणसांना रोज १४ तास अंधारात ठेवले, तेव्हा काही आठवड्यांत त्यांची झोप आपोआप दोन तुकड्यांत विभागली गेली आणि मधला काही काळ ती माणसे शांतपणे जागी राहू लागली. मध्ये जाग येणे हा मुळात आजारच आहे असे मानण्याचे कारण नाही, एवढे त्यावरून म्हणता येते.

तेव्हा जाग किती वाजता आली यापेक्षा ती कशाने आली, पुन्हा झोप लागली का आणि दुसरा दिवस कसा गेला, या तीन गोष्टी पाहाव्यात. आपल्या वयात मी पहिला प्रश्न पाळीचा विचारीन. पाळी अनियमित झाली आहे का, जाग येते तेव्हा अंगातून गरम वाफा निघून मानेखाली घाम साचलेला असतो का, पांघरूण भिरकावून पाच मिनिटांनी पुन्हा ओढून घ्यावेसे वाटते का? तसे असेल तर हे रजोनिवृत्तीच्या काळातील बदल आहेत, त्यावर उपचार आहेत आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाण्यात संकोच नसावा. सोबत थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. छातीत जळजळ किंवा तोंडात आंबट पाणी येऊन जाग येत असेल, तर रात्रीचे जेवण आणि अंथरूण यांत तीन तासांचे अंतर ठेवावे. रविवारी दहाला तांबडा-पांढरा रस्सा ओरपून साडेदहाला आडवे होणाऱ्या कित्येकांची झोपमोड ही निव्वळ पित्ताची असते.

दुसरी शक्यता मनाची. पहाटे दोन-तीन तास आधी जाग येणे, सकाळी मन सर्वांत खचलेले असणे, कशातच रस न वाटणे आणि स्वतःला दोष देत राहणे, हे दोन आठवड्यांहून अधिक चालले असेल, तर ते नैराश्याचे लक्षण असू शकते. त्यासाठी डॉक्टरांना भेटावे, आणि मध्यरात्री बोलावेसे वाटले तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, तेथे मराठीतही बोलता येते.

आज रात्रीपासून एवढे करावे. घड्याळ भिंतीवरून उतरवावे आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. जाग आल्यावर अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही, तर कुशी बदलत पडून राहू नये. मंद उजेडात दुसऱ्या खोलीत बसावे, हवे तर नामस्मरणही करावे, आणि डोळे जड झाल्यावरच अंथरुणाकडे यावे. रात्र कशीही गेली तरी सकाळी उठण्याची वेळ एकच ठेवावी. चहातील कॅफीनपैकी निम्मे शरीरातून जायलाच पाच-सहा तास लागतात, म्हणून संध्याकाळचा चहा सोडावा. आठवड्यातून तीन रात्री असे होत तीन महिने उलटले, तर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. त्यावर वर सांगितलेल्या सवयी आणि विचार यांवर शिस्तीने काम करणारी मानसोपचार पद्धत हाच पहिला उपाय मानला जातो, गोळ्या त्यानंतर. औषधाच्या दुकानातून परस्पर झोपेची गोळी मात्र कधीही आणू नये.

प्रश्न : वय ६७. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागते. वयोमानाने असे होणारच म्हणून संध्याकाळी सहानंतर पाणी बंद केले, तरी फरक नाही. रक्तदाबाची गोळी रात्री घेतो. मी फार घोरतो आणि मध्येच श्वास थांबतो, अशी घरातून तक्रार आहे.
— एक वाचक, करवीर तालुका

उत्तर : आपण दोन तक्रारी वेगवेगळ्या लिहिल्या आहेत, मला त्या एकच असण्याची दाट शंका आहे. झोपेत घसा मिटून श्वास अडतो, त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. बंद वाटेने श्वास ओढताना छातीतील दाब बदलतो, हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात आणि शरीरात पाणी जास्त झाले आहे असा चुकीचा निरोप जाऊन हृदय लघवी वाढवणारे संप्रेरक सोडते. माणसाला वाटते लघवीने जाग आली, प्रत्यक्षात कोंडलेल्या श्वासाने ती आलेली असते. सकाळी डोके जड असते का, दुपारी बसल्या बसल्या पेंग येते का, हे पाहावे आणि झोपेची तपासणी करून घ्यावी. निदान पक्के झाल्यास हवेचा दाब देणाऱ्या यंत्राने घोरणे आणि लघवीची उठाठेव दोन्ही कमी होतात.

तरीही साखर आणि प्रोस्टेट तपासल्याशिवाय राहू नये. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध असेल, तर ती सकाळी घेता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे, वेळ मनाने बदलू नये. संध्याकाळी घोट्यांवर सूज येत असेल, तर तेच पाणी आडवे झाल्यावर रक्तात परतते आणि लघवीवाटे जाते. अशा वेळी दुपारी तासभर पाय उंचावर ठेवल्याने फरक पडतो. तीन दिवस दिवसरात्रीची लघवी मापात मोजून वेळेसह लिहून ठेवावी आणि तो कागद डॉक्टरांपुढे ठेवावा. लघवीतून रक्त आले, किंवा धाप लागून जाग येऊन उठून बसल्यावरच बरे वाटू लागले, तर दिवस घालवू नये. छातीत कळ येऊन घाम फुटला तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. उठताना मिनिटभर काठावर बसून मग उभे राहावे आणि न्हाणीघराच्या वाटेवर छोटा दिवा ठेवावा, कारण या वयात अंधारातले पडणे खुब्याच्या हाडावर बेतते.

प्रश्न : पंपाची वीज एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्या आठवड्यात रात्री असते. उसाला पाणी पाजायला मध्यरात्री जावे लागते. दिवसाच्या आठवड्यातही एकला डोळे उघडतात. हा आजार आहे का?
— एक शेतकरी, शिरोळ तालुका

उत्तर : आजार नाही, शरीर आपले घड्याळ एका आठवड्यात लावून घेते आणि दुसऱ्यात ते पुन्हा मोडते. रात्रपाळीच्या आठवड्यात जेवून आठलाच दोन-तीन तास झोपून घ्यावे, शेतावरून आल्यावर खिडकीला जाड पडदा लावून उरलेली झोप पूर्ण करावी. पाळी बदलली की पहिल्या दिवसापासून सकाळचे ऊन अंगावर घ्यावे आणि दुपारची झोप अर्ध्या तासावर आणावी. दिवसाच्या आठवड्यात एकला जाग आली तर बांधावर चक्कर मारून येऊ नये, अंधारातच पडून राहावे. आणि रात्रभर पाणी पाजून झाल्यावर पेंगत दुचाकीवरून किंवा ट्रॅक्टरवरून घरी निघू नये, मोटारीच्या खोलीत अर्धा तास पाठ टेकून मगच निघावे.