चौघं मित्र, दोन दिवस आणि ट्राउटची नदी: फ्लाय फिशिंगची पहिली सहल कशी आखावी?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: चौघं मित्र आहात, हाताशी एक शनिवार-रविवार आहे, साध्या गळाने मासे धरायचा अनुभव एकालाच आहे आणि फ्लाय फिशिंग कुणीच केलेलं नाही. चार रॉड घ्यावेत का, आणि दोन दिवसांत एखादा तरी ट्राउट लागेल का?

लागायला काहीच हरकत नाही. रॉड मात्र दोनच घ्या. चौघांच्या दोन जोड्या करा आणि जोडीमागे एक रॉड ठेवा. एकाने टाकायचं, दुसऱ्याने शेजारी उभं राहून बघायचं. मासा लागला किंवा हुकला की अदलाबदल, आणि काहीच झालं नाही तरी वीसेक मिनिटांनी अदलाबदल. मी मित्रांसोबत बरीच वर्षं अशा सहली करतोय. नवखी माणसं सोबत असली की मी हाच आग्रह धरतो आणि दर वेळी सुरुवातीला त्यावर वाद होतो, कारण प्रत्येकाला स्वतःचा रॉड हवा असतो. पण चार जण चार रॉड घेऊन नदीभर पांगले, की चौघंही एकच चूक दिवसभर करत राहतात आणि ती सांगणारं जवळ कुणी नसतं.

तुमच्या अनुभवी मित्राला सुरुवातीला जरा जड जाईल. नेहमीच्या गळाला शिसं किंवा वजनदार आमिष असतं, ते फेकलं की दोरी त्याच्यामागे ओढली जाते. फ्लाय म्हणजे गळावर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा, त्याला वजन जवळपास नसतंच. म्हणून इथे वजन लाइनमध्येच, म्हणजे रॉडवरच्या जाड दोरीतच असतं. ट्राउटसाठी सर्रास वापरली जाणारी पाच नंबरची लाइन घेतली (हा नंबर वजनाचा), तर तिच्या पहिल्या तीस फुटांचं वजन साधारण ९ ग्रॅम भरतं आणि रॉड वाकवायला तेवढं पुरतं. लाइन मागे नेली की ती पाठीमागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं, मग पुढे आणायची. झटका देऊन फेकायची सवय असलेला हात नेमका इथे घाई करतो, आणि टाकणाऱ्याला पाठीमागचं काही दिसत नाही. बघणाऱ्याला सगळं दिसतं. त्याने योग्य क्षणी नुसतं ‘थांब’ आणि ‘आता’ म्हटलं तरी तासाभरात हात सुधारतो. हा सराव नदीवर नको, आधी मोकळ्या गवतावर करा, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून. तीस फुटांपर्यंत सरळ टाकता आलं की निघा. ट्राउट बहुतेक वेळा त्याच्या आतच लागतो.

सामानाचा फार विचार करू नका. नऊ फुटी, पाच नंबरचा रॉड, नऊ फुटी निमुळता लीडर (लाइन आणि फ्लाय यांच्यामधला पारदर्शक दोरा) आणि टोकाला ५एक्स टिपेट, म्हणजे साधारण ०.१५ मिलिमीटर जाडीचा शेवटचा तुकडा. फ्लाय निवडताना नवखे गोंधळतात, म्हणून पाच नावं देतो: अॅडम्स आणि एल्क हेअर कॅडिस या तरंगणाऱ्या, फेझंट टेल आणि हेअर्स इअर या बुडणाऱ्या, आणि वुली बगर ही छोट्या माशासारखी पोहणारी. पहिल्या चार १२ ते १६ नंबरात घ्या (नंबर वाढतो तसा गळ लहान होतो). चष्मे मात्र चारही जणांना पोलराइज्ड हवेत. पाण्यावरची चकाकी गेली की तळ दिसायला लागतो, आणि वाऱ्याने भरकटलेला गळ डोळ्यात जाण्याची भीतीही राहत नाही.

नदीवर पोचल्यावर लगेच फ्लाय बांधू नका. घोटाभर पाण्याच्या खळाळात हात घालून तळहाताएवढा दगड उचला आणि उलटा करा. ओल्या दगडावर आधी काहीच दिसत नाही. जरा थांबलात की चिखलाचा ठिपका वाटत होता तोच चालायला लागतो. चपटं अंग, दगडाला घट्ट धरलेले सहा पाय, पोटाच्या दोन्ही कडांना फडफडणारे इवलेसे कल्ले आणि मागे बहुतेक तीन बारीक शेपट्या. ही मेफ्लाय या किड्याची पाण्यातली अवस्था, तिला निंफ म्हणतात. कित्येक जातींत हा जीव वर्षभर असाच पाण्यात काढतो. नंतर पंख फुटून बाहेर पडला, की काही तास किंवा फार तर थोडे दिवस जगतो आणि त्या काळात काही खातही नाही. शेजारीच वाळूचे कण चिकटवून केलेली नळी दिसली तर आत कॅडिस या दुसऱ्या किड्याची अळी असते. आता डबीतली फेझंट टेल काढून त्या निंफशेजारी तळहातावर धरा. इंग्लंडमधल्या एव्हन नदीचे राखणदार फ्रँक सॉयर यांनी ती बनवली. त्यांच्या मूळ बांधणीत दोरा नाहीच, फेझंट या पक्ष्याच्या शेपटीचे तंतू तांब्याच्या बारीक तारेने गुंडाळलेले असतात आणि त्या तारेमुळेच ती बुडते. आकार आणि रंग किती जवळ जातात ते एकदा बघितलं की कुठली फ्लाय बांधायची हा प्रश्न निम्मा सुटतो. दगड होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवा.

ट्राउटचं बहुतेक खाणं पाण्याखालीच होतं, म्हणून वर काही हालचाल नसेल तर निंफपासून सुरुवात करा. पाण्यावर गोल वलयं उठू लागली की तरंगणारी फ्लाय बांधा. कुठे टाकायचं? वेगवान पाण्यात उभं राहायला माशाला ताकद लागते आणि संथ पाण्यात खाणं कमी येतं. त्यामुळे तो वेगवान आणि संथ धारेच्या सीमेवर राहतो: अंग संथ पाण्यात आणि खाणं शेजारून वाहत जाणारं. पृष्ठभागावर फेसाची लांब रेघ जिथे वाहताना दिसते ती बहुधा हीच सीमा असते. मोठ्या दगडाच्या पुढची आणि मागची जागा, खळाळ संपून डोह सुरू होतो ते तोंड, काठाखालची कपार, एवढं बघितलं तरी पहिल्या सहलीला पुष्कळ झालं.

ट्राउट तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो आणि त्याला थेट मागचं दिसत नाही, म्हणून खालच्या अंगाने वर चढत जायचं. पाण्याखालून त्याला बाहेरचं जग डोक्यावरच्या एका गोलातून दिसतं, आणि तो गोल खोलीच्या सव्वादोन पट रुंद असतो. मासा फूटभर खोल असेल तर सव्वादोन फुटांचा गोल. त्याच्यापलीकडे पाण्याचा पृष्ठभाग आतून आरशासारखा असतो, त्यात तळाचं प्रतिबिंब दिसतं. म्हणजे वर येऊन खाणाऱ्या माशाच्या बऱ्यापैकी जवळ जाता येतं, पण तरंगणारी फ्लाय त्या लहानशा गोलातून जाईल अशी टाकावी लागते. वाकून, सावली पाण्यावर न पाडता जा.

यानंतरची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. फ्लाय पाण्याच्याच वेगाने, मोकळी वाहिली पाहिजे. तुमची लाइन मधल्या जोरकस धारेवर पडते, धार तिला ओढते आणि टोकाची फ्लाय पाण्यावर बारीक रेघ ओढत घसरते. खरा किडा असा कधी जात नाही, आणि ट्राउट अशा फ्लायकडे फिरकत नाही. उपाय साधा आहे: लाइन पडताक्षणी रॉडच्या टोकाने तिचा मधला भाग उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकायचा. पण कधी? टाकणारा फ्लाय शोधण्यातच गुंतलेला असतो. बघणारा जरा वरच्या जागेवर, काठावरच्या दगडावर उभा असेल तर त्याला ती घसरण आधी दिसते. निंफ वापरताना तर त्याची किंमत दुप्पट होते. मासा निंफ तोंडात घेतो आणि खोटी आहे हे कळताच क्षणात बाहेर टाकतो, दोरीला साधा झटकाही जाणवत नाही. वरून बघणाऱ्याला मात्र करडी सावली वळताना दिसते, आणि तोंड उघडताना आतला पांढरा रंग लुकलुकतो. ‘उचल!’ अशी हाक आली की रॉड उचलायचा. पहिला मासा मला असाच एका मित्राच्या हाकेवर लागला. मला स्वतःला काहीच दिसलं नव्हतं, आणि त्या दिवशी आम्हा दोघांपैकी जास्त आनंद कुणाला झाला हे आजही सांगता येणार नाही.

मासा लागल्यावर दोघांची गरज आणखी वाढते. बहुतेकांना तो सोडूनच द्यायचा असतो, आणि नीट सोडणं हे धरण्याइतकंच शिकावं लागतं. घरूनच प्रत्येक गळाचा उलटा काटा पकडीने चेपून घ्या. मासा फार वेळ दमवू नका. बघणाऱ्याने रबरी जाळी पाण्यात धरायची, हात ओले करायचे, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि संसर्गापासूनचं त्याचं संरक्षण जातं. गळ पाण्यातच सोडवायचा. फोटो हवा असेल तर कॅमेरा तयार ठेवून मग मासा क्षणभर उचला, पाणी निथळतंय तोवर परत खाली. ही नुसती हळवी सूचना नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रेनबो ट्राउटना पार दमवून मग हवेत धरलं होतं. अजिबात हवेत न धरलेल्यांपैकी १२ टक्के मेले, ३० सेकंद धरलेल्यांपैकी ३८ टक्के आणि ६० सेकंद धरलेल्यांपैकी ७२ टक्के. तिथे मासे मुद्दाम पुरते थकवले होते, नदीवर इतकं होऊ नये. पण एक मिनिट म्हणजे चौघांनी आळीपाळीने फोटो काढण्याइतकाच वेळ, हे लक्षात ठेवा. सोडताना त्याचं तोंड प्रवाहाकडे करून पोटाखाली हात नुसता आधाराला ठेवा. तो आपणहून शेपटी मारून निघतो.

याच कारणाने खिशात एक साधा थर्मामीटर असू द्या. ट्राउट थंड पाण्याचा मासा आहे, साधारण १० ते १६ अंश सेल्सिअसमध्ये तो खुशीत खातो. पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि त्याच वेळी माशाची गरज वाढते. २० अंशांच्या जवळ पोचलात की रॉड बाजूला ठेवायचा, मग सहल कितीही लांबून आखलेली असो. उन्हाळ्यात म्हणूनच पहाट आणि सकाळ चांगली.

वेळेची मांडणी मी अशी करेन. शनिवारची सकाळ स्थानिक वाटाड्यासोबत, दोन्ही जोड्या एकाच पट्ट्यात. परवाना, हंगाम, मासा ठेवता येतो की नाही, कुठल्या पट्ट्यात फक्त फ्लाय चालते, हे नदीगणिक बदलतं आणि त्याला ते पाठ असतं. ब्राउन ट्राउट शरद ऋतूपासून थंडीच्या सुरुवातीपर्यंत आणि रेनबो बहुधा वसंतात अंडी घालतो, त्या काळात कित्येक नद्या बंद असतात. तळाच्या खडीत धुऊन काढल्यासारखा फिकट, लांबट पट्टा दिसला तर त्यावर पाय देऊ नका, खाली अंडी असू शकतात. दुपारी झोपा. संध्याकाळी ऊन कललं की पुन्हा या, किडे पाण्यावर उतरायची ती वेळ असते. रविवारी जोड्या बदला. आदल्या दिवशी एकाने एकाला शिकवलेलं तिसऱ्याला मिळतं, आणि अनुभवी मित्र एकाच्याच वाट्याला येत नाही.

पाण्यात मांडीच्या वर जाऊ नका, पहिल्या सहलीत त्याची गरजच नसते. वेडर (पाण्यात उतरायची जलरोधक विजार) घातले तर कमरेचा पट्टा आवळलेला हवा, म्हणजे पडलात तरी आत पाणी झपाट्याने भरत नाही. ओलांडताना एकमेकांचा खांदा धरून, तोंड प्रवाहाकडे वळवून आडवं सरका. वरच्या बाजूला धरण असेल तर पाणी कधी सोडतात ते आधी विचारा. वीज कडाडली की रॉड खाली ठेवून नदीपासून लांब जा, नऊ फुटी कार्बनचा रॉड हातात धरून उभं राहणं जिवावर बेतू शकतं.

परत आल्यावर बूट, वेडर आणि जाळी घासून धुवा आणि पूर्ण वाळवा. बुटाच्या तळव्याला नमद्याचा थर असेल तर विशेष काळजी घ्या, तो आतून ओला राहतो आणि त्यातून डिडिमो नावाचं शेवाळ एका नदीतून दुसरीत जातं. न्यूझीलंडमध्ये ते २००४ साली सापडलं आणि २००८ साली तिथे गोड्या पाण्यात असे तळवे वापरायला बंदी आली. रबरी तळव्याचे बूट मिळत असतील तर तेच घ्या, आणि पुढच्या आठवड्यात वेगळ्या नदीवर जायचं असेल तर सामान हाताला पूर्ण कोरडं लागल्यानंतरही दोन दिवस तसंच राहू द्या.