जॉन केनेडींची नक्कल करणाऱ्या व्हॉन मीडरची कारकीर्द एकाएकी का संपली?

कारण ती एकाच आवाजावर उभी होती आणि २२ नोव्हेंबर १९६३ला त्या आवाजाच्या मालकाचीच हत्या झाली. त्याआधी वर्षभर अमेरिकेत मीडरची चलती होती: 'द फर्स्ट फॅमिली' ही विनोदी तबकडी १९६२च्या नोव्हेंबरात आली, लाखोंनी खपली, १९६३च्या ग्रॅमी सोहळ्यात वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरली. शब्दाअखेरचा 'र' गिळायचा आणि 'क्युबा'ला मात्र नसलेला 'र' चिकटवायचा, ही केनेडींची लकब. केनेडी मॅसॅच्युसेट्सचे आणि मीडर स्वतः जवळच्याच मेन राज्याचा, त्यामुळे ती त्याच्या तोंडी चपखल बसली. हत्येनंतर कंपनीने तबकड्या दुकानांतून काढून घेतल्या. अर्थात, तो लगेच गप्प बसला नाही. १९६४मध्ये केनेडींना वगळून त्याने दोन तबकड्या काढल्या, पण लोकांना त्याच्याकडून दुसरं काही नकोच होतं.