पाणी दिलेलं पातं काचेसारखं का तुटतं?

जुन्या कानशीचं छोटं पातं केलं, लालभडक तापवून पाण्यात बुडवलं, म्हणजे कडक व्हावं म्हणून पाणी दिलं, आणि धार लावताना टोकाचा टवका उडाला. तर पुढच्या वेळी आणखी तापवू का, असं विचारलंय तुम्ही. अजिबात नको.

आधी तुटलेल्या जागी भिंगातून बघा. साखरेसारखे चकाकणारे दाणे दिसले तर पोलाद जास्त तापलंय. दाणा बारीक, राखाडी, मखमली असेल तर तापवणं ठीक होतं, पाणी उतरवायचं, म्हणजे कडक पातं मंद तापवून ठिसूळपणा कमी करायचं राहिलं. माझा अंदाज, तुमचं पातं जास्त तापलंयही आणि पाणी उतरवायचंही राहिलंय.

रंगावर भरवसा ठेवू नका. उन्हात काळपट वाटणारं पातं अंधारात लालबुंद दिसतं. चुंबक वापरा. साधारण 770 अंशांना पोलाद चुंबकाला चिकटायचं थांबतं. त्याच्या किंचित पुढे, 800 च्या आसपास, थांबायचं. मग पाणी नाही, तेल. साधं खाद्यतेल चालतं, 50-60 अंशांपर्यंत कोमट केलेलं. कोमट तेल पातळ होतं आणि पात्याला नीट भिडतं. टोक खाली धरून सरळ बुडवा, हलवायचं तर धारेच्या रेषेत. आडवं हलवलंत की पातं वाकलंच. तेल पेट घेऊ शकतं, म्हणून भांडं धातूचं आणि झाकण हाताशी.

मग पात्यावर दुसरी कानस फिरवा. ती न चावता काचेवरून घसरल्यासारखी सरकली की पातं कडक झालं. मग पाणी उतरवायला ते लगेच ओव्हनमध्ये 200 अंशांना दोन तास, गार झालं की पुन्हा दोन तास. घासून चकचकीत केलेल्या भागावर पेंढ्यासारखा पिवळा रंग येईल. निळा आला तर धारेसाठी मऊ झालं. मी एकदा कंटाळून हे काम सकाळवर ढकललं होतं. रात्री टेबलावर टिंग असा आवाज आला आणि पात्याला आरपार चीर.

आणि खरं सांगू? एवढ्याशा पात्यासाठी भट्टी पेटवायचीच गरज नाही. चांगली कानस मुळातच कडक असते. नवी कानस घ्या, तशीच ओव्हनमध्ये ठेवून वरच्यासारखं पाणी उतरवा, मग ग्राइंडरवर आकार द्या. दाते मुळापासून घासून काढा, खाचा राहिल्या तर चीर तिथूनच सुरू होते. हातमोजे नकोत: बोटांना चटका बसायला लागला की पाण्यात बुडवायचं. धारेजवळ तर दर एक-दोन घासण्यांनंतर, कारण तिथली कड डोळ्यांदेखत निळी पडते.