गव्हाच्या घरात राहताना

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

सीलिॲक आहे, म्हणजे गहू-जवातलं ग्लुटेन हे प्रथिन पोटात गेलं की आतड्याला इजा होते, असं कळल्यापासून घरात सगळे तुला काय खाता येणार नाही याच्याच याद्या करत बसलेत, असं तुझी आई फोनवर म्हणाली. मला तुझ्या ताटाची अजिबात काळजी वाटत नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा, मका, झाडून सगळ्या डाळी आणि कडधान्यं, दूधदुभतं, अंडी, मासे, मटण यांत मुळात ग्लुटेन नाहीच. तुझ्या पणजीच्या घरात पोळी सणावारी व्हायची, बाकी वर्षभर भाकरी आणि भात. तेव्हा उपाशी कुणी राहत नव्हतं. मला काळजी आहे ती पिठाच्या धुरळ्याची आणि माणसांच्या आग्रहाची. हे पत्र त्या दोन गोष्टींसाठी.

आधी एक हिशेब पक्का कर. एका मध्यम पोळीत अडीच-तीन ग्रॅम ग्लुटेन असतं. सीलिॲक असलेल्या माणसाच्या पोटात रोज ५० मिलिग्रॅम गेलं, तरी काही महिन्यांत आतड्याच्या अस्तराला इजा होते, असं अभ्यासात दिसलेलं आहे. म्हणजे एका पोळीचा पन्नास-साठावा भाग. आता ‘एवढा एक घास घे, काय होतंय’ याचा अर्थ तूच लाव. आणि घास खाऊन काहीच झालं नाही, पोट दुखलं नाही, तरी तो चालला असं समजायचं नाही. काहींना तासाभरात कळतं, काहींना कधीच कळत नाही, आणि आतली झीज दोघांचीही होते. तुझं तर निदानच मुळी पोटावरून झालं नाही, हिमोग्लोबिन गोळ्या खाऊनही वर येईना म्हणून झालं. तेव्हा पोटाला साक्षीदार धरू नकोस.

आता गिरणी. पुण्यात खोली घेशील आणि कोपऱ्यावरच्या गिरणीत दोन किलो ज्वारी नेशील. गिरणीवाला भला माणूस असला तर विचारेल, ‘कशावर दळू?’ तू म्हणशील ज्वारीवर. पण त्या ज्वारीच्या आधी गहूच दळलेला असतो. दगडांच्या फटीत, पीठ पडतं त्या कापडी नळीच्या घड्यांत, खालच्या डब्याच्या कडांना गव्हाचं पीठ धरून बसलेलं असतं, आणि पहिली मूठ-दोन मुठी त्याचीच येतात. शिवाय सगळ्या दुकानभर धुरळा. आपल्या तोंडावर, भुवयांवर बसतो तो पिठात बसत नाही होय? काही गिरण्यांत उपवासाचं दळण सकाळी गिरणी झाडूनपुसून पहिल्यांदा काढतात. एकादशीवाल्यांना ते पुरतं, तुला पुरणार नाही. म्हणून आईला सांगितलंय की घरघंटी घ्यायची आणि तिच्यात गव्हाचा दाणा कधी पडू द्यायचा नाही. पाहुण्यांनी मागितली तरी नाही, शेजारणीने ‘दोनच किलो’ म्हटलं तरी नाही. वापरलेली घेऊ नका. दळायच्या आधी धान्य ताटात पसरून निवडायचं. बाजारच्या ज्वारीत गव्हाचे दाणे सापडतात, डोळ्यांना सहज दिसतात. बेसनाचंही तसंच. डाळ आणून घरी दळा, सुटं बेसन नको.

पीठ एकदम महिन्याचं नेऊ नकोस. ज्वारीच्या पिठाची विरी जाते, मग भाकरी थापताना कडा चिरतात आणि पोरी वैतागून त्यात मूठभर कणीक मिसळतात. ही सवय इतकी सर्रास आहे की कुणाच्या घरी, कुठल्या खानावळीत भाकरी फार मऊ, फार गोल दिसली तर ‘यात कणीक आहे का’ हे विचारल्याशिवाय तुकडा मोडायचा नाही. ग्लुटेन पिठाला धरून ठेवतं, म्हणून पोळी लाटता येते. ज्वारीत ते नाही, तर धरून ठेवायचं काम गरम पाण्यावर सोपवायचं. पाणी खळखळून उकळलं की पिठात ओत, उलथन्याने हलव, झाकून दहा मिनिटं विसर. मग कोमट असताना तळहाताच्या टाचेने मळ, चांगलं रगडून, गोळ्याला भेग दिसेनाशी होईपर्यंत. थापताना बोटं नुसती फिरवायची, दाब कडेला द्यायचा. तव्यावर टाकली की वरच्या अंगाला लगेच पाण्याचा हात फिरव. ते पाणी वाळायच्या आत उलटायची. मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी मिळाली तर तीच घे, तिची भाकरी दुसऱ्या दिवशीही लवचीक राहते. आठवड्याभरात हात बसेल. बाहेर राहणाऱ्या माणसाला भाकरी थापता येणं ही या दुखण्यातली निम्मी सुटका आहे.

खोलीत मैत्रिणी असतील, त्या पोळ्या करतील. भांडायचं कारण नाही. तुझा तवा, चाळणी, पोळपाट-लाटणं वेगळं ठेव. चाळणी सगळ्यांत वाईट, तिची भोकं धुऊन निघत नाहीत. तुझे डबे वरच्या फळीवर ठेव, म्हणजे त्यांची कणीक सांडली तरी तुझ्या डब्यांवर पडणार नाही. तुपाची, चटणीची, लोणच्याची बरणी स्वतंत्र ठेव, कारण पोळीचा तुकडा बरणीत बुडवणारं कुणी ना कुणी असतंच. बाकी ताटं-वाट्या साबणाने धुतल्या की झालं. त्यांचं सोवळं करू नकोस.

हिंग. डबीतला बांधानी हिंग म्हणजे थोडा हिंग, डिंक आणि बरंचसं पीठ, आणि ते पीठ बहुधा गव्हाचं किंवा मैद्याचं. पातेलंभर वरणातून तुझ्या वाटणीला फार येत नाही, हे खरं. पण तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, खडा हिंग मिळतो. तर मग तो हिशेब तरी कशाला करत बसायचा? मेतकुटात गहू असतो, थालिपिठाच्या भाजणीतही असतो. चकलीच्या भाजणीत सहसा नसतो, पण विचारायचं. सातूच्या पिठात गहू किंवा जव, म्हणजे दोन्हीकडून नाही. कुरडया गव्हाच्या चिकाच्या. आणि खपली. ‘खपली गहू चालतो हो, तो जुना आहे, देशी आहे’ असं तुला निदान चार सुशिक्षित माणसं तरी सांगतील. खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन आहे.

पाकिटांबद्दल थोडक्यात. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरड धान्यांचं वर्ष ठरवलं तेव्हापासून दुकानं नाचणी-ज्वारीच्या बिस्किटांनी भरली. पुढच्या बाजूला नाचणीचं कणीस, मागे घटक वाचावेत तर पहिलाच मैदा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्यामुळे पहिलं नाव म्हणजे सगळ्यांत जास्त. ॲलर्जीची ओळ शोध. तिथे व्हीट, बार्ली, ग्लुटेन यातलं काही दिसलं की पाकीट खाली. माल्ट म्हणजे जव, त्यामुळे दुधात घालायच्या पावडरी तपास. सोया सॉसमध्ये बहुतेक वेळा गहू असतो, म्हणून चायनीजच्या गाडीला लांबून नमस्कार. ‘ग्लुटेन-फ्री’ छापायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आतच ग्लुटेन असावं लागतं, ते छापलेलं घे. मात्र त्या महागड्या ब्रेडच्या नादी लागू नकोस. बराचसा नुसता स्टार्च असतो तो. त्यापेक्षा नाचणी बरी, शंभर ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम, आणि तुझ्या हाडांना ते हवंच आहे. ओट्स पहिलं वर्षभर तरी नकोत.

बाहेर खायचं तर साधा डोसा, इडली बरी, पण रवा डोशाच्याच तव्यावर तुझा डोसा घालणार का ते बघ. बटाटेवडा बेसनाचा असतो, पण कढईत आधी समोसे तळले असले तर तो तुझा नाही. पोहे चालतात. मिसळीत फरसाणचा भरवसा नाही. कुठे ‘ग्लुटेन-फ्री थाळी’ अशी पाटी दिसली तर जास्त प्रश्न विचार, कमी नाही. वजन उतरवणाऱ्यांसाठी केलेली थाळी आणि तुझ्यासारखीसाठी केलेली यांत फरक असतो आणि तो स्वयंपाकघरातल्यांना माहीत असेलच असं नाही. प्रवासात भाजके शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, केळी. इतकं पिशवीत असलं की कुणाच्या दयेवर राहावं लागत नाही.

आता माणसं, आणि हे सगळ्यांत अवघड. घरात ग्लुटेन हा शब्द वापरू नकोस. नावं घे: गहू, कणीक, रवा, मैदा, शेवया, दलिया. नाहीतर गव्हाचं काहीच केलं नाही म्हणून आजी शेवयांची खीर पुढे करेल, आणि तिचं खोटंही नसेल. मोठ्या माणसांना ‘डॉक्टरांनी बंद केलंय’ एवढं पुरतं. पुढे आतड्याचा तास घेऊ नकोस, प्रत्येक उत्तरातून त्यांना आणखी एक शंका सुचते. सत्यनारायणाचा शिरा हातावर घे, कपाळाला लाव, शेजारच्याला दे. देव रागावत नाही. काकू लोक रागावतात, पण दोन-तीन पूजांनंतर विसरतात. लग्नाला जेवून जा. जमलं तर पंगत सुरू व्हायच्या आधी आचाऱ्याला गाठून साधा भात आणि वरण वेगळं काढून घे. नंतर सगळ्या पातेल्यांतून एकच डाव फिरतो.

‘आमच्या वेळी नव्हतं हे असलं’ असंही ऐकशील. होतं. त्याला संग्रहणी म्हणत, पोर अंगी लागत नाही म्हणत, आणि काही पोरं वाचत नसत. विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाला आधीपासून गव्हाचा संशय होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि सगळा देश खंगत असताना या आजाराची पोरं मात्र सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५० साली त्याने त्यावर प्रबंध लिहिला. आपल्याकडे उत्तर भारतात साधारण शंभरातल्या एकाला हे असतं. दक्षिणेत बरंच कमी, म्हणून तिकडच्या डॉक्टरांना चटकन सुचत नाही.

सण घालवू नकोस. संक्रांतीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, गणपतीचे उकडीचे मोदक, दिवाळीचे अनारसे, हे सगळं तुझं आहे. फक्त चकल्या ताज्या तेलात आधी तळायच्या, शंकरपाळ्या मागून. आईला एवढा क्रम पाळायला सांग. होळीला पोळी नाही, तर वाटीभर पुरण आणि वर तुपाची धार. उकडीत पुरण भरून मोदक कर, हवं तर. मला विचारशील तर वाटीच बरी, कारण पुरणपोळीत माणसं खरं पुरणच खात असतात.

सुरुवातीला दूध सोसेना झालं तर घाबरू नकोस, आतडं भरून आलं की बहुधा पुन्हा सोसतं. सहा महिन्यांनी टीटीजी, म्हणजे या आजाराची रक्ततपासणी, पुन्हा कर, मग वर्षाने. आकडा हळूहळू उतरतो. उतरला नाही तर आधी डबे तपासायचे, डॉक्टर बदलायचा विचार नंतर. लोह, बी १२, ड जीवनसत्त्व बघून घे, आणि कुठलीही नवी गोळी सुरू करताना तिच्यात गव्हाचा स्टार्च आहे का हे दुकानदाराला विचार.

आणि धाकट्याची तपासणी अजून झाली नाही असं कळलं. सख्ख्या भावंडांत आणि आईवडिलांत साधारण दहातल्या एकाला हे निघतं, मग त्रास असो वा नसो. तेव्हा तिघांचीही टीटीजी करून घ्या. पण तुझ्यासोबत म्हणून सगळ्या घरानेच पोळी सोडलीय, असं आई कौतुकाने सांगत होती. ते आधी थांबवा. गहू बंद असताना रक्त दिलं तर रिपोर्ट चांगला येतो आणि फसवतो. रक्त देऊन होईपर्यंत त्या पोराला रोज पोळी खाऊ दे. तुझी भाकरी वेगळ्या तव्यावर.

पुण्याचा पत्ता कळव, पहिलं पीठ मी पाठवते.

तुझी,
काकू